पाठीवरचें बिऱ्हाड

‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मराठी घरांत बदलीच्या नोकरीवर असलेल्या माणसाला उद्देशून नेहमीं वापरली जाते. तालुक्याच्या गांवीं चार वर्षें, जिल्ह्याच्या ठिकाणीं तीन, आणि प्रत्येक वेळीं दोन ट्रंका, एक वळकटी व भांड्यांचें एक पोतें एवढ्यावर संसार पुन्हां उभा! अशा माणसाच्या गृहिणीला एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असते. नव्या गांवीं काय मिळेल याचा भरंवसा नसतो. म्हणून ज्याच्यावांचून पहिल्या दिवसाचा स्वयंपाक अडेल तें सर्व बरोबर घेतलें पाहिजे. पण जें जें बरोबर घ्यावें त्याचें ओझेंहि आपल्यालाच वाहावें लागतें. संगणकाच्या जगांत गेल्या कांहीं वर्षांत नेमका हाच प्रश्न नव्या रूपानें उभा राहिला आहे, आणि त्याच्या उत्तरावर शहरांतील कुटुंबांचे अनेक रोजचे व्यवहार अवलंबून आहेत.

रेल्वेचें तिकीट, विजेचें बिल, बँकेंतील शिल्लक, मुलाच्या परीक्षेचा निकाल, रक्ततपासणीचा अहवाल हें सर्व आज हातांतील फोनच्या कांचेवर दिसतें. परंतु तें फोनमध्यें तयार होत नाहीं. दूर कोठें तरी अहोरात्र चालू असलेल्या संगणकावर, ज्याला सर्व्हर म्हणतात, एखादा प्रोग्राम येणाऱ्या प्रत्येक पृच्छेला उत्तर देत बसलेला असतो. हा प्रोग्राम कधींच एकटा नसतो. फाइल उघडणें, वेळ पाहणें, दूरच्या संगणकाशीं बोलणें, गुप्त लिपींत लिहिणें व ती उलगडणें, हीं कामें तो स्वतः करीत नाहीं. तीं करून देणाऱ्या तयार संग्रहांवर तो विसंबून असतो. या संग्रहांना लायब्ररी असें नांव आहे. शिवाय जावा किंवा पायथन या भाषांत लिहिलेल्या प्रोग्रामला ती भाषा यंत्राला समजावून देणारा एक दुभाष्याहि जवळ लागतो. त्याला रनटाइम म्हणतात.

पूर्वीं एका सर्व्हरवर अनेक प्रोग्राम जणुं एकाच सामाईक स्वयंपाकघरांत नांदत असत. एकाला लायब्ररीची जुनी आवृत्ति हवी, दुसऱ्याला नवी. एकासाठीं केलेली दुरुस्ती दुसऱ्याला बाधावी, असे तंटे रोजचेच होते. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या टेबलावर जें सुरळीत चाले, तें सर्व्हरवर नेतांच अडे. यावर तोड म्हणून प्रत्येक प्रोग्रामला त्याचें स्वतंत्र बिऱ्हाड बांधून देण्याची पद्धति पुढें आली. लिनक्समध्यें तिला लागणाऱ्या सोयी हळूहळू तयार होत आल्या होत्या. २०१३ सालीं डॉकर हें साधन प्रसिद्ध झालें आणि ही पद्धति सर्वत्र पसरली. बांधून ठेवलेल्या बिऱ्हाडाला इमेज म्हणतात, आणि तें सर्व्हरवर मांडून चालूं केलें म्हणजे त्याला कंटेनर म्हणतात. हें नांव जहाजांवरील लोखंडी पेट्यांवरून आलें आहे. २६ एप्रिल १९५६ रोजीं ‘आयडियल एक्स’ हें जहाज अमेरिकेंतील नेवार्क येथून ह्यूस्टनकडे ५८ पेट्या घेऊन निघालें. आंत काय आहे याची विचारपूस न करतां पेटी जशीच्या तशी उचलून ठेवण्याची ही रीत पुढें साऱ्या जगाच्या व्यापारांत रुजली. मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरांत आज त्याच पेट्यांच्या थप्प्या दिसतात. सर्व्हरवरील कंटेनरचा हेतु तोच : आंतला प्रोग्राम कोणता याची फिकीर न करतां बिऱ्हाड उचलावें आणि हव्या त्या यंत्रावर मांडावें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. कंटेनर म्हणजे संपूर्ण संगणक नव्हे. यंत्राच्या अवयवांवर थेट सत्ता चालविणारा जो गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो सर्व्हरचाच असतो आणि सर्व कंटेनर तो वांटून घेतात. चाळींत जोतें, छप्पर आणि पाण्याची टाकी सामाईक असते. चूल, भांडीं व धान्य मात्र ज्याचें त्याचें. इमेजमध्यें भरावयाचें तें हें दुसरें सामान.

इमेज ही थरांनीं बांधलेली असते. तळाशीं कोणी तरी आधींच तयार करून ठेवलेला थर घ्यावयाचा, त्यावर भाषेचा रनटाइम, त्यावर लागणाऱ्या लायब्ऱ्या, आणि सर्वांत वर आपला प्रोग्राम. तळाच्या थराला बेस इमेज म्हणतात. कित्येकदां रनटाइमसह तयार असलेलाच थर बेस म्हणून घेतात. इमेज बांधण्याची जी कृति लिहून ठेवतात तिचा आरंभ बहुधा ‘फ्रॉम’ या शब्दानें होतो, आणि त्या शब्दापुढें बेस इमेजचें नांव येतें. ही एक ओळ लिहावयास अर्धें मिनिट पुरतें. पुष्कळदां ती दुसऱ्याच्या कृतींतून उतरून घेतलेली असते. परंतु पुढें पांच-सात वर्षें, ती लिहिणारा नोकरी सोडून गेल्यावरहि, तिचें बरेंवाईट फळ कोणाला तरी भोगावें लागतें. म्हणून ती निवडतांना काय पाहावें याचा विचार अगत्याचा आहे.

उपलब्ध असलेल्या बेस इमेजचे स्थूलमानानें चार प्रकार करतां येतील. पहिला प्रकार भरल्या घराचा. डेबियन, उबंटु किंवा रेड हॅट या लिनक्सच्या नामांकित घराण्यांपैकीं एकाचा नेहमींचा थर घ्यावयाचा. त्यांत आज्ञा देण्यासाठीं शेल असतो, नवीन साधनें आणून बसविणारा पॅकेज मॅनेजर असतो, आणि नेहमीं लागणारीं बारीकसारीक उपकरणें असतात. दुसरा प्रकार आटोपशीर घराचा. त्याच डेबियनमधून माहितीपुस्तकें आणि एरवीं न लागणाऱ्या फाइली काढून टाकल्या कीं ‘स्लिम’ नांवाचा थर उरतो. घराणें तेंच, रीत तीच. फक्त माळ्यावरची अडगळ गेलेली. तिसरा प्रकार अल्पाइनचा. हें मूळ धरूनच लहान बांधलेलें लिनक्स आहे आणि त्याच्या लहानपणाचें रहस्य पुढें येणारच आहे. चौथा प्रकार ‘डिस्ट्रोलेस’. तो गूगलनें २०१७ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत शेल नाहीं, पॅकेज मॅनेजर नाहीं. प्रोग्राम चालण्यापुरतें जें लागतें तेवढेंच. आणि या चौघांच्याहि पलीकडे ‘स्क्रॅच’ म्हणजे निव्वळ शून्य आहे : चार भिंतींची रिकामी खोली, जिच्यांत एक खिळाहि आपणच ठोकावयाचा.

आकारांतील अंतर मोठें आहे. डिस्ट्रोलेसच्या कर्त्यांनींच दिलेली तुलना घेतली तर डेबियनचा थर सुमारें १२४ मेगाबाइटांचा, अल्पाइनचा सुमारें ५, आणि डिस्ट्रोलेसचा सर्वांत लहान थर सुमारें २ मेगाबाइटांचा भरतो. हे आकडे पाहून कोणाहि नवशिक्याचा हात आपोआप लहान थराकडे जातो. त्यांत तथ्यहि आहे. लहान इमेज जालावरून लौकर उतरते; नव्या यंत्रावर लौकर मांडतां येते; आणि जें साधन घरांत नाहीं त्यांतला दोष चोराच्या उपयोगीं पडत नाहीं. इमेज तपासून ज्ञात दोषांची यादी देणारीं जीं साधनें आहेत त्यांची यादीहि लहान थरावर आंखूड येते, व ती वरिष्ठांपुढें ठेवावयास बरी दिसते.

परंतु लहानपणाचा हिशेब करतांना एक गोष्ट विसरली जाते. थर हे सामाईक असतात. एका सर्व्हरवर दहा प्रोग्राम असून दहाहि इमेज त्याच एका डेबियनच्या थरावर बांधलेल्या असतील, तर तो थर यंत्रावर एकदांच उतरतो व एकदांच जागा अडवितो. उलट दहा माणसांनीं दहा वेगवेगळे लहान थर निवडले, तर दहांची निगा वेगळी, दहांचे दोष वेगळे आणि दहांची माहिती ठेवणारा माणूस मात्र एकच. घरोघरीं वेगळ्या मापाचे नळ बसविले तर गल्लींतल्या एकुलत्या एका प्लंबरची जी त्रेधा उडेल तीच ही.

यापेक्षांहि महत्त्वाची गोष्ट म्हणजे घराण्याची. लिनक्सवरील बहुतेक प्रोग्राम एका मूलभूत लायब्ररीवर उभे असतात; तिला सी लायब्ररी म्हणतात. डेबियन, उबंटु व रेड हॅट यांत ग्नू प्रकल्पाची सी लायब्ररी आहे. अल्पाइनमध्यें मसल नांवाची दुसरी, सुटसुटीत लायब्ररी आहे, आणि अल्पाइनच्या लहानपणाचें एक कारण तेंच. दोघींचें काम एक, पण वागणुकीच्या कांहीं बारकाव्यांत फरक आहे. ग्नू लायब्ररीसाठीं यंत्रभाषेंत तयार केलेला प्रोग्राम मसलवर सामान्यतः तसाच चालत नाहीं. पायथनमधील गणिताच्या वा शास्त्रीय कामाच्या अनेक लायब्ऱ्या अशा तयार स्वरूपांत मिळतात. २०२१ सालीं मसलसाठींहि तयार स्वरूपाचें प्रमाण ठरेपर्यंत, अल्पाइनवर त्या मुळापासून बांधाव्या लागत. त्यासाठीं बांधणीचीं अवजारें इमेजमध्यें आणावीं लागत, कांहीं सेकंदांचें काम बराच वेळ घेई, आणि वाचविलेली जागा पुन्हां भरून जाई.

दुसरा बारकावा पत्ता शोधण्याचा. दूरच्या संगणकाच्या नांवावरून त्याचा पत्ता काढण्याच्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. हें उत्तर नेहमीं एका छोट्या टपालांत येतें. तें त्यांत मावलें नाहीं तर दुसऱ्या, भरंवशाच्या मार्गानें पुन्हां विचारावें अशी रीत आहे. मे २०२३ मध्यें मसलची १.२.४ ही आवृत्ति येईपर्यंत तिच्यांत हा दुसरा मार्ग नव्हता. त्यामुळें पत्त्यांची यादी लहान असेपर्यंत सर्व ठीक चाले आणि यादी वाढली म्हणजे प्रोग्राम अडे. कारण कळण्यास मात्र पुष्कळ शोध घ्यावा लागे. तिसरा बारकावा जागेचा. एकाच वेळीं अनेक कामें करणाऱ्या प्रोग्रामच्या प्रत्येक धाग्याला ग्नू लायब्ररींत सामान्यतः ८ मेगाबाइटपर्यंत वाढूं शकणारी जागा राखलेली असते, तर मसलमध्यें ती मुळांत १२८ किलोबाइट असते. यांत मसलचा दोष नाहीं. काटकसर हेंच तिचें व्रत आहे. परंतु प्रोग्राम सधन घरांत वाढलेला असेल तर त्याला या व्रताची आगाऊ कल्पना दिली पाहिजे. अल्पाइन निवडावयाचें तर तें आरंभापासून निवडावें आणि सर्व कसोट्या त्याच थरावर घ्याव्यात. डेबियनवर पारखलेला प्रोग्राम आयत्या वेळीं अल्पाइनवर चढवूं नये.

आतां रिकाम्या खोलीचा विचार. समजा, एखाद्या शहरांतील रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेनें आपला अहवाल देणारा प्रोग्राम अगदीं रिकाम्या थरावर बांधला. गो या भाषेंत लिहिलेला प्रोग्राम आपल्या सर्व लायब्ऱ्या पोटांत घेऊन एकाच फाइलमध्यें बसूं शकतो, म्हणून तें शक्य आहे. प्रोग्राम चालूं लागला, सर्वांना समाधान वाटलें. पण रिकाम्या खोलींत जगांतील कालविभागांचें कोष्टक नाहीं. भारताची प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपांच तास पुढें आहे. कोष्टक सांपडलें नाहीं म्हणजे प्रोग्रामनें तक्रार करावी हें उत्तम. पण कित्येक प्रोग्राम निमूटपणें जागतिक वेळ धरून चालतात. मग मध्यरात्र ते पहाटेचे साडेपांच या वेळांत घेतलेल्या प्रत्येक नमुन्यावर आदल्या दिवसाची तारीख पडते. तापानें फणफणलेल्या रोग्याच्या रक्तांतील कणांची संख्या काल किती होती आणि आज किती आहे, यावर डॉक्टरांचा निर्णय अवलंबून असतो. पहाटे दोनचा आकडा कालच्या रकान्यांत गेला, तर उतार पडला कीं चढ झाला हेंच उलटें दिसूं शकेल.

त्याच खोलींत दुसरीहि उणीव आहे. दूरचा सर्व्हर खरा कीं तोतया हें ओळखण्यासाठीं विश्वासू संस्थांच्या मुळप्रमाणपत्रांची एक जुडी लागते. ती नसेल तर प्रोग्राम कोणाशींच सुरक्षितपणें बोलूं शकत नाहीं. आणि अहवाल मराठींत छापावयाचा असेल तर देवनागरी टंकाची फाइल हवी. ती लहान थरांतच काय, भरल्या घराच्या थरांतहि साधारणपणें नसते. ती मुद्दाम घातली नाहीं तर रोग्याच्या नांवाच्या जागीं रिकाम्या चौकटींची रांग छापली जाते. डिस्ट्रोलेसच्या थरांत कालकोष्टक आणि प्रमाणपत्रें आधींच घातलेलीं असतात. म्हणून स्क्रॅचच्या मोहांत पडण्यापूर्वीं त्याचा विचार करावा. कोणताहि थर घेतला तरी प्रोग्रामला काय काय लागतें याची यादी आधीं कागदावर लिहिली पाहिजे, आणि पहाटे दोनची तारीख व मराठी नांव या दोहोंची कसोटी घेतल्यावांचून बिऱ्हाड हलवूं नये.

शेल नसण्याचें तत्त्वहि दुधारी आहे. घरांत शिरलेल्या चोराला हत्यार मिळत नाहीं हें खरें. पण रात्रीं प्रोग्राम आजारी पडला असतां बोलावलेल्या वैद्यालाहि नाडी पाहावयास हात सांपडत नाहीं. यावर डिस्ट्रोलेसच्या कर्त्यांनीं निदानासाठीं शेल असलेली वेगळी आवृत्ति दिली आहे. ती कशी वापरावी याची तालीम दिवसां उजेडीं झालेली असेल तरच असा थर पत्करावा. बांधणीचीं अवजारें कोठें ठेवावीं या प्रश्नाचें उत्तर मात्र २०१७ पासून सोपें झालें आहे. डॉकरमध्यें त्या वर्षीं अनेक टप्प्यांनीं इमेज बांधण्याची सोय आली. मोठ्या, अवजारांनीं भरलेल्या थरावर प्रोग्राम तयार करावयाचा, आणि तयार झालेली वस्तु तेवढी उचलून लहान थरावर ठेवावयाची. सुतार आपली करवत आणि रंधा कारखान्यांत ठेवतो व गिऱ्हाइकाच्या घरीं फक्त पाट पोंचवितो, तसेंच हें.

येथवर जें सांगितलें तें निवडीच्या दिवसापुरतें झालें. खरी परीक्षा त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. इमेज ही ज्या दिवशीं बांधली त्या दिवसाची हुबेहूब नोंद असते. त्यानंतर लायब्ररींत दोष सांपडला, तिच्या कर्त्यांनीं तो दुरुस्त केला, सर्व्हरच्या मालकानें आपल्या यंत्रावर ती दुरुस्ती बसविली, तरी इमेजच्या पोटांतील जुनी लायब्ररी जुनीच राहते. ७ एप्रिल २०१४ रोजीं ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररींतील ‘हार्टब्लीड’ नांवाचा दोष जाहीर झाला. त्याच्या योगें सर्व्हरच्या स्मृतींतील गुप्त मजकूर परक्याला वाचतां येत असे. अशा दोषावर कंटेनरच्या जगांत एकच उपाय असतो : दुरुस्त झालेला थर घेऊन इमेज पुन्हां बांधावी आणि जुनें बिऱ्हाड मोडून नवें मांडावें. ज्याच्या इमेज शंभर, त्याला शंभर वेळां.

तेव्हां बेस इमेज निवडणें म्हणजे एखादी वस्तु विकत घेणें नव्हे; त्या थराची निगा राखणाऱ्या मंडळीशीं वर्षानुवर्षांचा संबंध जोडणें होय. ती मंडळी कोण, दुरुस्ती किती दिवसांत करतात, आणि किती वर्षें करणार हें पाहिल्यावांचून मेगाबाइटांची तुलना करणें म्हणजे विहिरीला पाणी किती महिने टिकतें हें न विचारतां तिच्या काठाची घडाई पाहण्यासारखें आहे. डेबियनची स्थिर आवृत्ति साधारण दोन वर्षांनीं निघते आणि तिची निगा, दीर्घ मुदतीची धरून, सुमारें पांच वर्षें राखली जाते. १० जून २०२३ रोजीं निघालेल्या बाराव्या डेबियनची अशी मुदत ३० जून २०२८ ही जाहीर झाली आहे. उबंटुच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला सामान्यतः पांच वर्षें मिळतात. अल्पाइनच्या प्रत्येक शाखेची मुदत सुमारें दोन वर्षांची. म्हणजे ती निवडणाऱ्यानें बिऱ्हाड हलविण्याची तयारी अधिक वेळां ठेवली पाहिजे. यांत चांगलें-वाईट कांहीं नाहीं. जो नेहमीं हलविणारच आहे त्याला लहान मुदतीचें भय नाहीं. भय त्याला, जो एकदां मांडून विसरणार आहे.

जाहीर मुदतहि कधीं कधीं मोडते, याचें उदाहरण सेंटओएसचें. त्याची आठवी आवृत्ति सप्टेंबर २०१९ मध्यें निघाली आणि ती २०२९ पर्यंत चालेल अशा समजुतीनें लोकांनीं तिच्यावर आपलीं कामें उभारलीं. डिसेंबर २०२० मध्यें जाहीर झालें कीं तिची निगा ३१ डिसेंबर २०२१ रोजीं थांबेल. आणि तशी ती थांबली. पुढें तिचें पॅकेजचें भांडार नेहमींच्या जागेवरून जुन्या दप्तरांत हलविण्यांत आलें. त्या थरावर उभ्या असलेल्या ज्या कृति नव्या बांधणीच्या वेळीं भांडाराकडे पॅकेज मागत, त्यांना तेथें कांहीं मिळेना. चालू कंटेनर चालूच होते. पण ते पुन्हां बांधतां येत नव्हते, आणि जें पुन्हां बांधतां येत नाहीं तें दुरुस्तहि करतां येत नाहीं. रनटाइमचीहि हीच कथा. नोड या रनटाइमच्या सोळाव्या आवृत्तीची मुदत ११ सप्टेंबर २०२३ पर्यंत अलीकडे आणण्यांत आली. कारण ज्या ओपनएसएसएलवर ती उभी होती तिचीच निगा त्या महिन्यांत संपत होती. जावाचा रनटाइम देणारी ‘ओपनजेडीके’ ही डॉकरची प्रसिद्ध इमेज २०२२ सालीं कालबाह्य ठरविण्यांत आली व वापरणाऱ्यांना दुसऱ्या मंडळींच्या इमेजकडे वळावें लागलें.

सुरक्षिततेच्या बाबतींतहि आकार किंवा ताजेपणा यांपैकीं कशावरच डोळे मिटून विसंबतां येत नाहीं. मे २०१९ मध्यें असें उघड झालें कीं अल्पाइनच्या अधिकृत डॉकर इमेजमध्यें ३.३ या आवृत्तीपासून मुख्य वापरकर्त्याचा परवलीचा शब्द रिकामाच राहिला होता. प्रत्येक ठिकाणीं त्यानें घात होण्यासारखा नव्हता, पण इतक्या लहान घराचाहि एक दरवाजा कित्येक वर्षें नुसता लोटलेला राहिला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. उलट बाजूचें उदाहरण २९ मार्च २०२४ चें. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला डेबियनच्या कच्च्या आवृत्तीवर दूरच्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारें अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला. त्याचा माग काढतां एक्सझेड या दाबून साठवण करणाऱ्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या नव्या आवृत्तींत कोणी तरी मुद्दाम चोरवाट घालून ठेवल्याचें निघालें. जे सर्वांत ताज्या थराच्या मागें धांवत होते त्यांच्यापर्यंत ती पोंचली होती; डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ती पोंचली नव्हती. दुरुस्ती ताजी हवी, पण प्रत्येक नवलाई म्हणजे दुरुस्ती नव्हे, हा विवेक निगा राखणारी मंडळी करतात. आपण त्यांना निवडतों तें त्यासाठींच.

यांतून एक व्यवहारी प्रश्न निघतो. ‘फ्रॉम’पुढें बेस इमेजच्या नांवाबरोबर एक खूण लिहितात. तेथें ‘लेटेस्ट’ लिहिलें तर आज एक आणि सहा महिन्यांनीं दुसराच थर हातीं येतो; काल बांधलेलें आज तसें बांधलें जाईल याची खात्री राहत नाहीं. उलट थराच्या एसएचए-२५६ पद्धतीच्या ठशानें नेमका तोच थर बांधून घेतला, तर खात्री राहते, पण दुरुस्तीहि आपोआप येत नाहीं. शहाणे लोक दोन्ही साधतात. थर ठशानें नक्की करतात, आणि ठराविक दिवशीं, आठवड्यानें म्हणा वा पंधरवड्यानें, नवा ठसा घेऊन इमेज पुन्हां बांधतात, कसोट्या घेतात व मगच जुनी बदलतात. तुळशीला पाणी घालण्याचें काम जसें कोणाच्या तरी नांवावर असावें लागतें, तसें हें कामहि एका माणसाच्या नांवावर असलें पाहिजे. सर्वांचें काम म्हणून ठेवलें तर तें कोणाचेंच होत नाहीं.

एवढ्या विवेचनाचा निष्कर्ष असा काढतां येईल. बेस इमेज निवडतांना पहिला प्रश्न : याची निगा कोण राखतें आणि कोणत्या तारखेपर्यंत? दुसरा : आपला प्रोग्राम व त्याच्या लायब्ऱ्या ज्या घराण्यांत वाढल्या त्याच घराण्याचा हा थर आहे काय? तिसरा : प्रोग्रामला लागणारी प्रत्येक वस्तु त्यांत आहे, कीं घालावी लागेल? चौथा : प्रोग्राम रात्रीं आजारी पडला तर निदान कसें करावयाचें? आणि आकाराचा प्रश्न पांचवा. बहुतेक साधारण कामांत या क्रमानें गेलें असतां उत्तर डेबियनच्या स्लिमसारख्या आटोपशीर, दीर्घ मुदतीच्या थराशीं येऊन ठेपतें. ज्यांच्याजवळ कसोट्यांची शिस्त आणि निदानाची तालीम आहे त्यांनीं तेथून डिस्ट्रोलेसकडे खुशाल जावें; ज्यांनीं आरंभापासून मसल पारखून घेतली त्यांनीं अल्पाइन सुखानें वापरावें. सोडावी ती फक्त एक वाट, कोणाची तरी ओळ उतरून घेऊन विसरून जाण्याची.

हा विषय केवळ इंजिनियरांचा आहे असें श्रोत्यांनीं समजूं नये. या श्रोत्यांपैकीं कोणी सहकारी पतपेढीचे संचालक आहेत, कोणी शाळेच्या व्यवस्थापक मंडळावर आहेत, कोणी रुग्णालयाच्या विश्वस्तांत आहेत. अशा संस्था आज बाहेरून प्रोग्राम करवून घेतात, आणि करारावर सही होते त्या दिवशीं किंमत व तारीख यांपलीकडे कोणी विचारीत नाहीं. त्या बैठकींत दोन प्रश्न विचारण्यास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं : आमचा प्रोग्राम कोणत्या थरावर उभा आहे व त्याची मुदत कधीं संपते? आणि तुम्ही निघून गेल्यावर तो पुन्हां कोण बांधणार? या दोन प्रश्नांचीं उत्तरें करारांत तारखेसह व माणसाच्या नांवासह लिहून घ्यावींत. तीं ज्याला देतां येत नाहींत त्यानें तो प्रोग्राम कितीहि सुबक करून दाखविला, तरी सही करण्यापूर्वीं संस्थेनें आणखी एक बैठक घ्यावी हें बरें.